मन वळवणं की गुंडाळणं?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. संपादकांच्या आग्रहावरून थोडीफार डागडुजी करून देत आहे. बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी इथे उभा आहे तो स्वतःच्या मर्जीनं नाही. महिन्याभरापूर्वी कार्यकारिणीतल्या एका काकूंचा फोन आला. "तू बोलशील का?" असं त्यांनी विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "तू शनिवारी बोलतोस का रविवारी?" मी कॅलेंडर बघून म्हटलं, "रविवारी." फोन ठेवला आणि मग लक्षात आलं, की भाषण करायचं की नाही, हे मी ठरवलंच नव्हतं. ते काकूंनी ठरवलं होतं. मी फक्त वार ठरवला.

गंमत म्हणजे हीच युक्ती मी रोज सकाळी माझ्या मुलीवर वापरतो. "स्वेटर घालतेस का?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे, "नाही." म्हणून मी विचारतो, "लाल घालणार की निळा?" इतकी वर्षं चाललं. आता ती नऊ वर्षांची झाली आहे. परवा माझ्याकडे शांतपणे बघून म्हणाली, "बाबा, यू आर डुइंग दॅट थिंग अगेन." त्याच दिवशी मी भाषणाचा विषय नक्की केला. आपल्याच माणसांना असं अलगद, त्यांच्या नकळत हव्या त्या दिशेला वळवणं, ज्याला इंग्रजीत मॅनिप्युलेशन म्हणतात, ते मुळातच वाईट असतं का?

मी व्यवसायानं आयटी कन्सल्टंट, त्यामुळे आधी व्याख्या शोधायची सवय. मराठी प्रतिशब्द शोधायला बसलो आणि चकित झालो. एक नेमका शब्द सापडेना, पण शब्दांची रांगच लागली. मन वळवणं, गळ घालणं, लाडीगोडी लावणं, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं, भरीस घालणं, कान भरणं, कोपराला गूळ लावणं, गुंडाळणं, शेंडी लावणं, टोपी घालणं! आणि हो, काही न बोलता करायचा प्रकार राहिलाच. अबोला धरणं. आमच्या घरात तो फार परिणामकारक आहे. (हशा)

ही यादी नीट बघा. 'मन वळवणं' म्हटलं की आपल्याला काही वाईट वाटत नाही. 'टोपी घातली' म्हटलं की सरळ फसवणूक. म्हणजे आपल्या भाषेनं एकच शिक्का न मारता पायऱ्या पाडून ठेवल्या आहेत. माझा प्रश्न असा, की वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आपण नक्की कुठे घसरतो? हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. तो माझ्या घरात पडला, आणि त्याची किंमत मोजून झाली आहे. ती हकीकत सांगतोच, पण त्याआधी माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या सगळ्यांच्या पगाराच्या स्लिपवर आहे.

इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्यांना आठवत असेल, ऑक्टोबर 2012 पासून इथे पेन्शनची पद्धत बदलली. त्याआधी बऱ्याच ठिकाणी तुम्ही स्वतः फॉर्म भरून कंपनीच्या पेन्शन योजनेत सामील व्हायचं असे. लोक म्हणत, "पुढच्या महिन्यात भरू." तो पुढचा महिना काही येत नसे. मग कायद्यानं उलटं केलं. वय 22 च्या पुढे आणि वर्षाला 10,000 पौंडांहून जास्त पगार असला, की तुम्ही आपोआप आत. नको असेल तर बाहेर पडा. महिन्याभरात कळवलंत तर कापलेले पैसेही परत. माणसं तीच. 'काहीच केलं नाही तर काय होईल' याचं उत्तर बदललं, आणि लाखो लोक बचत करायला लागले. आपल्या आळसाचाच आपल्या भल्यासाठी वापर! रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन या दोघांनी 2008 साली अशा गोष्टींवर 'नज' नावाचं पुस्तक लिहिलं. थेलरना 2017 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता हीच युक्ती दुसऱ्या हातात बघा. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीच्या वेबसाइटचं काम करत होतो. नाव सांगत नाही. तिथे वर्गणी सुरू करायला एक बटण होतं, आणि बंद करायला पाच पानं. शेवटच्या पानावर दोन पर्याय. मोठ्या हिरव्या अक्षरांत 'मला सवलत चालू ठेवायची आहे', आणि खाली करड्या, बारीक अक्षरांत 'नको, मला जास्त पैसे द्यायला आवडतात'. अशा प्रकारांना हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं 2010 साली 'डार्क पॅटर्न्स' असं नाव दिलं. तिथेही माणसाच्या आळसाचाच वापर होता. मग फरक काय? दोन्हीकडे दार आहे. पण पेन्शनवाले पत्र पाठवून सांगतात, "हे बघा, इथे दार आहे." वर्गणीवाले दारासमोर कपाट लावून ठेवतात.

'नज'च्या लेखकांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतलं आहे, जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाकडून घेतलेलं. थोडक्यात असं, की जी युक्ती लोकांपुढे उघडपणे सांगून तिचं समर्थन करायची तुमची तयारी नसेल, ती वापरू नका. मला ही कसोटी फार आवडली होती. मी ती क्लायंटना ऐकवायचो, स्लाइडवर घालायचो. मीटिंगमध्ये मी मोठा नीतिमान माणूस होतो.

आणि त्याच सुमारास मी माझ्या वडिलांना गुंडाळत होतो.

आमचं घर साताऱ्यात, शनिवार पेठेत. दुमजली, जुनं. झोपायच्या खोल्या माडीवर, संडास मागच्या अंगणात. माडीच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीच्या कार्यालयात हिशेबनीस होते. आईचे गुडघे गेले. रात्री-अपरात्री जिना उतरून अंगण ओलांडायचं म्हणजे रोजची परीक्षा. त्यात 2018 साली अण्णांची अँजिओप्लास्टी झाली. ती मला कधी कळली? झाल्यावर नऊ दिवसांनी! माझं इथे प्रोजेक्टचं गो-लाइव्ह होतं, म्हणून "त्याला उगाच घोर नको" असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. त्या नऊ दिवसांत अण्णा माझ्याशी दोनदा फोनवर बोलले, हॉस्पिटलच्या खाटेवरून, "बाजारात आलोय, म्हणून आवाज येतोय" असं सांगून. मी फार चिडलो. मी त्यांना म्हणालो, "तिकीट काढायचं की नाही, हे मला ठरवू द्यायचं होतं ना!" हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.

तर मी ठरवलं, की दोघांना पुण्यात आणायचं. लिफ्ट असलेला फ्लॅट, जवळ दवाखाना, दहा मिनिटांवर ताई. पण अण्णा ऐकणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. "पुण्यात काय आहे? गर्दी!" हे एक. आणि दुसरं न बोललेलं, की मुलाच्या पैशानं घेतलेल्या घरात राहणार नाही. म्हणून मी त्यांना विचारलंच नाही. 2021 साली कोथरूडला फ्लॅट घेतला आणि त्यांना फोन केला. "अण्णा, गुंतवणूक म्हणून एक जागा घेतलीय. भाडेकरू ठेवायची भीती वाटते, कसे निघतील कोण जाणे. बंद ठेवावी तर ओल धरेल. सोसायटीच्या मीटिंगा, बिलं, मी इथून काय बघणार? दोन-तीन वर्षं तुम्ही राहून जरा लक्ष द्याल का? माझं फार मोठं काम होईल."

यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर खरं होतं. भाडेकरूंची भीती सगळ्यांनाच असते. पण सगळं मिळून ते खोटं होतं.

आई सामील, ताई सामील, मावशी सामील. आमच्या डॉक्टरांना सांगून "हवापालट झाला तर बरंच" हे वाक्य त्यांच्या तोंडी घातलं. व्हॉट्सअ‍ॅपवर अण्णांना सोडून बाकी सगळ्यांचा ग्रुप केला, 'अण्णा शिफ्टिंग'. कुणी काय बोलायचं, कुठल्या दिवशी बोलायचं, सगळं मी लिहून काढलं होतं. आयुष्यात कुठलंही प्रोजेक्ट मी इतकं वेळेत पूर्ण केलेलं नाही. (हशा) 2022 च्या जूनमध्ये, पावसाच्या आधी, अण्णा पुण्यात आले. मुलाच्या घरी राहायला नव्हे, मुलाच्या इस्टेटीची व्यवस्था बघायला.

आणि त्यांनी ती बघितली! दर महिन्याच्या एक तारखेला मला एका वहीच्या पानाचा फोटो यायचा. सोसायटी मेंटेनन्स, वीजबिल, गळका नळ – वॉशर 40 रुपये, प्लंबर मजुरी 150. खाली दोन रेघा, एकूण, आणि 'कळावे'. मला हसू यायचं. मी तो फोटो नीट बघायचोसुद्धा नाही, अंगठा दाखवून टाकायचो. ताई सांगायची, की अण्णा सोसायटीच्या मीटिंगला इस्त्रीचा शर्ट घालून जातात. आईचे गुडघे सुधारले नाहीत, पण रात्रीची भीती गेली. म्हणजे योजना यशस्वी.

2023 च्या दिवाळीच्या आसपास अण्णा आईच्या फोनमध्ये कसल्याशा पावतीचा फोटो शोधत होते. त्यांना तो ग्रुप सापडला. दीड वर्षांचे मेसेज त्यांनी बसून वाचले, सुरुवातीपासून. हिशेबनीसच ते, एक ओळ सोडली नसणार. त्यात माझं एक वाक्य होतं, "त्यांना वाटू दे की ते आपल्यावर उपकार करतायत." शेजारी हसरा चेहरा.

अण्णा कुणालाच काही बोलले नाहीत. एक तारीख आली. फोटो आला नाही. पुढच्या महिन्यातही आला नाही. त्यानंतर एकदा फोनवर मी म्हणालो, "डॉक्टर म्हणाले ना, बीपी छान आहे तुमचं." ते म्हणाले, "हो, म्हणाले खरे. ते खरंच नॉर्मल आहे, का तुमचं तसं ठरलंय?"

मंडळी, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण काय मोडून ठेवलंय. एक गोष्ट लपवली ती कळली, तर फक्त ती एकच गोष्ट खोटी ठरत नाही. आजवर सांगितलेलं आणि इथून पुढे सांगू ते, सगळंच संशयाच्या भोवऱ्यात जातं. महाभारतात धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा, आणि द्रोणाचार्यांना अश्वत्थामा मेल्याचं भासवल्यावर तो जमिनीवर टेकला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मला तिच्यातलं दुसरंच काही आता जाणवतं. द्रोणांनी खात्री करून घ्यायला युधिष्ठिरालाच का गाठलं? कारण तो खोटं बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. म्हणजे ती युक्ती चालली ती युधिष्ठिराच्या आयुष्यभराच्या खरेपणाच्या जोरावर. माझंही तेच झालं. अण्णांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण पैशांच्या बाबतीत मी त्यांच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. तीस वर्षांची ती शिल्लक मी एका फोनमध्ये खर्च केली.

मग मी जानेवारीत गेलो. गॅलरीत दोघं बसलो. मी सगळी कारणं सांगितली. आईचे गुडघे, जिना, अँजिओप्लास्टी, माझी इथली झोप. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अरे, तुझं काही चुकलं नाही, असं सगळेच म्हणतायत. जागाही चांगली आहे. पण तू मला विचारलं असतंस, तर मी कदाचित हो म्हणालो असतो. कदाचित नाही म्हणालो असतो. ते 'नाही' माझं होतं. ते तू परस्पर काढून घेतलंस." थोडा वेळ थांबून म्हणाले, "आणि वही लिहीत होतो रे मी. खरी समजून."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिकिटाबद्दल मी त्यांना जे ऐकवलं होतं, तेच त्यांनी मला परत केलं होतं. फक्त आवाज न चढवता.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे निष्कर्ष झाला ना, की हे सगळं वाईटच. सरळ बोलावं, खरं बोलावं, संपलं. मीही महिनाभर तसाच वागून पाहिलं. बायकोला विचारलं, "आज भाजी कशी झालीय, असं तू विचारशील तेव्हा मी खरंच खरं सांगू का?" तो प्रयोग फार दिवस चालला नाही. (हशा) पण मला खरा विचार करायला लावला तो आईनं.

मी आईला म्हणालो, "आपण सगळेच चुकलो. तूही त्यांना सरळ सांगायला हवं होतंस." आई म्हणाली, "मी? मी काय सांगायला हवं होतं? चाळीस वर्षांत मला कधी कुणी काही विचारलं होतं का, म्हणून मी सरळ सांगणार?" आणि तिनं मला माझ्या आजीची गोष्ट सांगितली. आजीच्या काळी पाणी परसातल्या आडावरून आणावं लागे. स्वयंपाकघरात नळ हवा, असं सासऱ्यांना नाही तर नवऱ्याला तोंडावर सांगायची सोय नव्हती. मग आजी आजोबा ओसरीवर असताना शेजारणीला सांगायची, "आज पाय सटकला हो आडाशी. हंडा फुटला असता तर दहा रुपये गेले असते." पायाचं कुणाला काही नव्हतं. दहा रुपयांचं होतं. आठ दिवसांत नळ आला.

आपल्याकडे म्हणच आहे, 'लेकी बोले सुने लागे'. बोलायचं एकीला, लागायचं दुसरीला. आपण ती म्हण सासवांना हिणवायला वापरतो. पण विचार करा, ज्या घरात निम्म्या माणसांना सरळ बोलायची मुभाच नव्हती, तिथे आडून बोलणं हीच त्यांची भाषा होती. तोंड बांधलेल्या माणसाला 'वाकडं बोलतेस' म्हणणं सोपं आहे. आजीनं केलं तेही मॅनिप्युलेशनच. पण मी त्याला वाईट म्हणायला धजत नाही.

मग आजीत आणि माझ्यात फरक काय? युक्ती जवळजवळ तीच. माणसाचा स्वभाव ओळखून त्याला हव्या त्या दिशेला वळवणं. फरक एवढाच, की आजीकडे सरळ रस्ता नव्हता. माझ्याकडे होता. माझ्याकडे पैसा होता, पासपोर्ट होता, फोन होता, आणि वडील ऐकून घेणारे होते. मी आडवाट धरली ती सरळ रस्ता बंद होता म्हणून नव्हे. सरळ रस्त्यावर 'नाही' भेटण्याची शक्यता होती म्हणून. आणि आपण परदेशात राहणारी मुलं इथे फार घसरतो. आपल्याला वेळ नसतो. तीन आठवड्यांच्या सुट्टीत आईवडिलांचं उरलेलं आयुष्य मार्गी लावून परत यायचं असतं. 'नाही' ऐकून घ्यायला, त्यावर वाद घालायला, पुन्हा विचारायला जो वेळ लागतो, तोच नेमका आपल्याकडे नसतो. मग आपण त्यांना 'मॅनेज' करतो, आणि त्याला काळजी म्हणतो. काळजी खरीच असते, हीच तर अडचण आहे. स्वार्थासाठी गुंडाळणाऱ्याला निदान मनात खुपत तरी असेल. प्रेमापोटी गुंडाळणाऱ्याला काहीच खुपत नाही.

इथे मला बिरबलाची खिचडी आठवते. गरीब माणूस रात्रभर थंड पाण्यात उभा राहिला, आणि दूरच्या दिव्याची ऊब मिळाली असं म्हणून त्याचं बक्षीस नाकारलं. बिरबलानं उंच बांबूवर हंडी टांगली, खाली जाळ केला आणि खिचडी शिजण्याची वाट बघत बसला. बादशहाला बोलावून घेणं, ताटकळत ठेवणं, सगळं नाटकच. पण ते नाटक बादशहाचे डोळे उघडण्यासाठी होतं, आणि शेवटी निर्णय बादशहानंच बदलला. माझं नाटक अण्णांचे डोळे झाकण्यासाठी होतं.

तेव्हा मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं. माणसाला नकळत वळवणं मुळातच वाईट नसतं. संसारात ते थोडं असणारच, फोडणीत हिंग असतो तसं. पण मी आता स्वतःला तीन प्रश्न विचारतो. सवयीनं स्लाइड केली होती, बायकोनं काढून टाकायला लावली, म्हणून तोंडीच सांगतो.

पहिला प्रश्न, हे मी उद्या त्याच माणसाला, त्याच्यासमोर बसून, हसत सांगू शकेन का? काकूंची 'शनिवार का रविवार' मी आत्ता त्यांच्यासमोर सांगितली आणि त्या हसतायत. ती चालते. 'अण्णा शिफ्टिंग' मी अण्णांना कधीच हसत सांगू शकलो नसतो.

दुसरा, सरळ विचारायची सोय होती का? असेल, तर मी का विचारलं नाही?

आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा. समोरच्याला 'नाही' म्हणायला दार ठेवलंय का, आणि ते त्याला दिसतंय का? पेन्शनवाल्यांनी पत्र पाठवलं. मी कपाट लावलं.

स्वेटरचं म्हणाल, तर मुलीशी तह झाला आहे. आता मी सरळ म्हणतो, "बाहेर चार डिग्री आहे, मला वाटतं तू स्वेटर घालावास." ती कधी घालते, कधी कुडकुडत जाते. दोन वेळा कुडकुडल्यावर आता दप्तरात ठेवते.

आणि अण्णा? तुम्हाला वाटत असेल, ते साताऱ्याला परत गेले. तसं झालं नाही. त्या जानेवारीत मी पहिल्यांदा त्यांना सरळ विचारलं, "अण्णा, तुम्हाला कुठे राहायचंय?" त्यांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, "तुझ्या आईला इथं बरं पडतं. राहतो. पण असं नाही. करार कर."

मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. पुण्यात भाड्यानं जागा देताना अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करतात, तसा त्यांना माझ्याशी हवा होता. भाडं त्यांनीच ठरवलं, पेन्शनमधून झेपेल एवढं. मी नको म्हणणार होतो, पण तोंड मिटून घेतलं. त्यांची अट एकच. अकरा महिने संपले, की मी फोन करायचा आणि विचारायचं, "अण्णा, पुढे राहताय का?" आईनं नाही विचारायचं, ताईनं नाही. मी. आणि उत्तर काय येणार, हे आधी कुणाकडूनही काढून घ्यायचं नाही.

साताऱ्याच्या घराची किल्ली त्यांच्याकडे आहे. हिवाळ्यात महिनाभर ते तिथे जाऊन राहतात, एकटेच. मला काळजी वाटते. मी त्यांना तसं सांगतो. ते म्हणतात, "वाटू दे."

वहीच्या पानाचे फोटो पुन्हा यायला लागले, पण आता त्यात दोन रकाने असतात. 'मालकाचा खर्च' आणि 'आमचा खर्च'. मागच्या महिन्यात टाकी धुतल्याचा निम्मा खर्च त्यांनी माझ्या नावावर टाकला होता. मी आता ते पान पूर्ण वाचतो. एकदा बेरजेत वीस रुपयांची चूक काढली, तर केवढे खूश झाले!

करार पुन्हा संपत आलाय. दर वेळी तो फोन करताना माझ्या पोटात गोळा येतो. कारण ते खरंच 'नाही' म्हणू शकतात. आजवर "बरं, राहतो" म्हणालेत. या खेपेला काय म्हणतील, मला माहीत नाही. ताईला बहुतेक माहीत असावं. मी तिला विचारलेलं नाही.

एवढं बोलून थांबतो. बाहेर चहा आणि बटाटेवडे तयार आहेत. कार्यकारिणीनं सांगितलंय, की वडा घेतल्यावर शेजारच्या टेबलावर पुढच्या वर्षीच्या स्वयंसेवकांची यादी ठेवलेली आहे. पेनही ठेवलंय. दार कुठे आहे ते मी तुम्हाला सांगतो. ते उजवीकडे आहे. (हशा)